डक्कारचे बुंदेलखंड : कॅप्टन नेमोच्या जन्मकथेची पार्श्वभूमी

कॅप्टन नेमो हा बुंदेलखंडचा राजपुत्र डक्कार होता आणि १८५७ च्या उठावात तो इंग्रजांविरुद्ध लढला, ही गोष्ट मराठी वाचकाच्या इतकी अंगवळणी पडली आहे की, नेमो भारतीय ठरला तो 'ट्वेंटी थाउजंड लीग्ज अंडर द सी' या पाणबुडीच्या कादंबरीनंतर काही वर्षांनी, याचा सहसा विसर पडतो. फ्रेंच लेखक ज्यूल व्हर्नच्या मनातला पहिला नेमो पोलिश सरदार होता.

रशियाच्या अमलाखालील पोलंडमध्ये सक्तीच्या सैन्यभरतीचे निमित्त होऊन जानेवारी १८६३ मध्ये उठाव झाला. तो पुढच्या वर्षी चिरडला गेला आणि हजारो माणसे सायबेरियात पाठवली गेली. पॅरिसमध्ये पोलंडविषयी सहानुभूती मोठी होती आणि लेखकालाही ती होती. बायकामुले गमावलेला, साथीदार सायबेरियात मेलेले आणि मायदेशच नकाशावरून पुसला जात असलेला पोलिश माणूस रशियन युद्धनौका बुडवतो, यात कोणाला कारण विचारावे लागले नसते.

अडचण आली ती व्हर्नचा प्रकाशक एत्झेल याच्याकडून. या कादंबऱ्यांना रशियात वाचक होते आणि फ्रान्सला झारशी वैर नको होते. हा प्रकाशक स्वतः कट्टर प्रजासत्ताकवादी होता आणि फ्रान्समधल्या १८५१ च्या सत्तांतरानंतर त्याने ब्रसेल्समध्ये परागंदा होऊन दिवस काढले होते, हे लक्षात घेतले की त्याचा हा सावधपणा अधिकच खटकतो. नेमोला गुलामांच्या व्यापाऱ्यांचा शत्रू करावे, असा पर्याय त्याने सुचवला. लेखकाने तो साफ नाकारला आणि १८६९ च्या पत्रव्यवहारात आपली मूळ कल्पना कशी होती हे पुन्हा बजावले. अखेर तडजोड झाली ती मौनावर : नेमोचा देश सांगायचा नाही आणि बुडणाऱ्या युद्धनौकेवर ओळखता येईल असा ध्वज दाखवायचा नाही. या मौनाने पात्राला गूढता दिली असे टीकाकार कौतुकाने म्हणतात. ती गूढता प्रकाशकाच्या हिशेबातून आली होती, हे मात्र त्या कौतुकात हरवते.

जुन्या आराखड्याच्या खुणा छापील संहितेत राहूनच गेल्या. नेमोच्या खोलीत टांगलेल्या, स्वातंत्र्यासाठी झगडलेल्यांच्या चित्रांमध्ये पोलंडचा कोश्चुश्को आहे, ग्रीसचा बोत्सारिस, आयर्लंडचा ओकॉनेल, व्हेनिसचा मानिन आहे, वॉशिंग्टन आणि लिंकन आहेत आणि फासावर लटकलेला जॉन ब्राउनही आहे. भारतीय चेहरा त्यात एकही नाही. सिंहलद्वीपाजवळ मोती काढणाऱ्या एका गरीब पाणबुड्याला वाचवल्यावर नेमो स्वतःला पीडितांच्या देशाचा रहिवासी म्हणवतो. डक्कारचे बीज इथेच पेरले होते असे सांगण्याचा मोह अनेकांना होतो, पण ते उद्गार पोलिश माणसाच्या तोंडीही तितकेच शोभले असते.

डक्कार अवतरला तो १८७४-७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'द मिस्टीरियस आयलंड' या बेटाच्या कादंबरीत. तिथे तो बुंदेलखंडच्या राजाचा मुलगा आणि टिपू सुलतानाच्या नात्यातला आहे. दहाव्या वर्षी तो शिक्षणासाठी युरोपात जातो, तिसाव्या वर्षापर्यंत तिथे राहतो आणि १८४९ मध्ये परततो. म्हणजे त्याचा जन्म १८१९ च्या सुमाराचा ठरतो, तर टिपू ४ मे १७९९ रोजीच श्रीरंगपट्टणात मारला गेला होता. म्हैसूरच्या सुलतानाचे बुंदेल्यांशी नाते कसे जुळले, याचा खुलासा नाही. टिपूचे वकील १७८८ मध्ये पॅरिसला गेले होते आणि इंग्रजांचा वैरी म्हणून हे नाव फ्रेंच वाचकाला ठाऊक होते. तेवढे लेखकाला पुरले असावे.

गंमत अशी की, असा राजपुत्र शोधायला म्हैसूरपर्यंत जाण्याची गरज नव्हती. बांद्याचे नवाब हे बाजीराव-मस्तानीच्या वंशातले, म्हणजे बुंदेलखंडातले मुसलमान राजघराणेच. नवाब दुसरा अली बहादूर १८५८ मध्ये इंग्रजांशी लढला, एप्रिलमध्ये बांदा पडल्यावर काल्पीकडे गेला आणि शेवटी शरण येऊन निवृत्तिवेतनावर इंदूरला राहिला. शेजारच्या कर्वीला अमृतराव पेशव्यांचे वारस होते. तिथे फारसा प्रतिकार न होताच इंग्रजांच्या हाती प्रचंड खजिना लागला आणि त्या लुटीत कोणत्या फौजेचा किती वाटा, यावर लंडनच्या नाविक न्यायालयात १८६६ मध्ये दावा चालला. डक्कारचे मूळ म्हणून यांच्याकडे बोट दाखवता येणार नाही. पण कादंबरीत पुसट राहिलेले बुंदेलखंड प्रत्यक्षात कसे होते, ते यावरून कळते.

डक्कारविषयी लेखकाची भूमिकाही सरळ नाही. न्याय बळापुढे हरला असे निवेदक म्हणतो आणि लगेच संस्कृती मागे हटत नाही असेही जोडतो. मृत्युशय्येवरच्या नेमोला अमेरिकन अभियंता ऐकवतो की, भूतकाळ जिवंत करता येईल असे मानणे हीच त्याची चूक होती. एवढेही लंडनला सोसले नाही. १८७५ च्या इंग्रजी अनुवादात हा भाग बदलून टाकला गेला : इंग्रजांनी देशात शांतता व सुबत्ता आणली होती आणि अडाणी, अंधश्रद्ध प्रजेला महत्त्वाकांक्षी संस्थानिकांनी चिथावले, असे त्यात घातले गेले. हाच अनुवाद दीर्घकाळ छापला जात राहिल्याने भारतातल्या इंग्रजी वाचकाच्या हातीही बहुधा हाच डक्कार पडला.

१८८० मध्ये त्याच लेखणीतून नानासाहेब पेशवे उतरले, तेव्हा ते खलनायक होते. 'द स्टीम हाउस' या कादंबरीची सुरुवात औरंगाबादेत होते. ६ मार्च १८६७ च्या संध्याकाळी भिंतींवर जाहिरात लागते की, मुंबई इलाख्यात दडलेल्या नबाब 'दांदू पंता'ला जिवंत वा मृत आणून देणाऱ्यास दोन हजार पौंड मिळतील. खरे नानासाहेब, म्हणजे धोंडोपंत, १८५९ मध्ये नेपाळच्या तराईत दिसेनासे झाले होते, पेशव्यांचे वारस नबाब कधीच नव्हते आणि औरंगाबाद तर निजामाच्या मुलखात होते. लेखकाने मात्र त्यांना वेरूळच्या लेण्यांत लपवले आणि कानपूरच्या बिबीघरातल्या इंग्रज बायकामुलांच्या कत्तलीचा सूड त्यांच्यावर उगवण्यासाठी एका इंग्रज कर्नलला वाफेवर चालणाऱ्या हत्तीमागे जोडलेल्या घरातून उत्तर भारतभर फिरवले.