तेरा महिन्यांचं वर्ष आणि वार नसलेला दिवस

भिंतीवरचं कॅलेंडर दर वर्षी बदलावं लागतं ते एका बाकीमुळे. ३६५ ला ७ ने भागलं की ५२ आठवडे होऊन १ दिवस उरतो. म्हणून यंदा सोमवारी आलेली तारीख पुढच्या वर्षी मंगळवारी येते आणि मध्ये २९ फेब्रुवारी आली तर बुधवारी.

इंग्लंडमध्ये रेल्वेच्या आकडेवारीचं काम करणाऱ्या मोझेस कॉट्सवर्थने १९०२ मध्ये यावर उपाय मांडला : २८ दिवसांचे तेरा महिने. प्रत्येक महिना रविवारी सुरू होणार, शनिवारी संपणार. जून आणि जुलैच्या मध्ये ‘सोल’ हा नवा महिना. तेरा अठ्ठावीसे ३६४. उरलेला दिवस डिसेंबरच्या शेवटी, पण त्याला वारच नाही. लीप वर्षात तसाच एक बिनवारी दिवस जूनच्या शेवटी. कोडॅक कंपनीने १९२८ ते १९८९ पर्यंत आपला अंतर्गत हिशेब याच कॅलेंडरवर ठेवला.

हे कॅलेंडर मी पायथॉन या प्रोग्रामिंगच्या भाषेत लिहून पाहिलं. गाभा फार छोटा आहे. तारीख वर्षातली कितवी ते काढायचं, त्यातून १ वजा करायचा आणि २८ ने भागायचं. १५ ऑगस्ट हा साध्या वर्षातला २२७ वा दिवस. २२६ भागिले २८ म्हणजे भागाकार ८, बाकी २. दोन्हींत १ मिळवला की नववा महिना, तारीख ३. सोल धरून मोजलं तर नववा महिना ऑगस्टच येतो. म्हणजे ३ ऑगस्ट, मंगळवार, आणि तो कायमचा मंगळवार.

लीप वर्षात मात्र आधी थांबावं लागतं. १६९ वा दिवस (आपला १७ जून) बिनवारी, म्हणून त्याच्या पुढच्या प्रत्येक क्रमांकातून १ कमी करायचा. यातून एक गंमत निघते. १५ ऑगस्ट दोन्ही प्रकारच्या वर्षांत ३ लाच येतो, पण महाराष्ट्र दिन साध्या वर्षी ९ मे, तर लीप वर्षी १० मे. आपला जास्तीचा दिवस फेब्रुवारीत येतो आणि कॉट्सवर्थचा जूनमध्ये. मधल्या साडेतीन महिन्यांत दोन्ही कॅलेंडरं एका दिवसाने सरकलेली असतात. प्रोग्राम तपासायचा तर याच पट्ट्यातल्या तारखा घालून तपासावा.

खरा पेच वाराचा. २७ डिसेंबरच्या शुक्रवारात ७ दिवस मिळवले तर शुक्रवार येत नाही. मधला बिनवारी दिवस एक जागा खातो आणि आपण ५ जानेवारीच्या गुरुवारी पोचतो. शुक्रवारचा आठवडी बाजार त्या वर्षी आठ दिवसांनी भरणार. राष्ट्रसंघात (संयुक्त राष्ट्रांच्या आधीच्या संघटनेत) कॅलेंडर सुधारणेची चर्चा चालू असताना ब्रिटनचे मुख्य रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, जोसेफ हर्ट्झ यांनी नेमक्या याच गोष्टीला कडाडून विरोध केला. दर सातव्या दिवशी पाळायचा सब्बाथ, म्हणजे ज्यूंचा विश्रांतीचा पवित्र दिवस, खऱ्या आठवड्याप्रमाणे पाळला, तर नव्या कॅलेंडरात तो दर वर्षी वेगळ्या वारी येणार. मला त्यांचं म्हणणं पटतं. महिने माणसांनी अनेकदा लहानमोठे केले, पण १५८२ मध्ये पोप ग्रेगरींनी दहा तारखा गाळल्या तेव्हाही गुरुवारनंतर शुक्रवारच आला होता.

म्हणून प्रोग्राममध्ये तारीख साठवूच नये, दिवसांची अखंड मोजणी साठवावी. अशा मोजणीसाठी खगोलशास्त्रज्ञ ज्युलियन दिवसांक, म्हणजे एका ठरलेल्या प्राचीन दिवसापासूनचा सलग क्रमांक, वापरतात. १५ ऑगस्ट १९४७ चा दिवसांक २४३२४१३. त्याला ७ ने भागलं की बाकी ४ उरते, आणि शून्य म्हणजे सोमवार धरला तर ४ म्हणजे शुक्रवार. कॉट्सवर्थचं कॅलेंडर त्याच दिवसाला मंगळवार म्हणतं. माझ्या प्रोग्राममध्ये आता दोन्ही वार शेजारीशेजारी छापले जातात.