कॅमकॉर्डरचं एचडी चित्रण थेट टीव्हीवर

कॅमकॉर्डरवर टिपलेलं एचडी चित्रण टीव्हीवर दाखवायचं म्हटलं, की बरेच जण आधी कन्व्हर्टर, म्हणजे फाइलचं स्वरूप बदलणारा प्रोग्रॅम, शोधायला लागतात. त्याची गरज क्वचितच पडते. सोनी आणि पॅनासॉनिक यांनी २००६ मध्ये आणलेल्या एव्हीसीएचडी पद्धतीत चित्र एच.२६४ या आक्रसण्याच्या पद्धतीने आणि आवाज बहुधा डॉल्बी डिजिटलमध्ये साठवलेला असतो. हे दोन्ही उलगडणारी चिप आजच्या बहुतेक टीव्हींमध्ये आहेच. कन्व्हर्टर मात्र एकदा आक्रसून साठवलेलं चित्र उलगडतो आणि पुन्हा आक्रसतो. दर वेळी थोडे बारकावे जातात आणि ते परत मिळत नाहीत.

सर्वांत खात्रीचा मार्ग एचडीएमआय केबलचा. यात फाइल उलगडण्याचं काम कॅमेराच करतो, टीव्हीला फक्त तयार चित्र मिळतं. त्यामुळे टीव्हीला कोणती फाइल चालते हा प्रश्नच उरत नाही. कॅमेऱ्याकडचं टोक बहुधा मिनी किंवा मायक्रो एचडीएमआय असतं. दोन्ही दिसायला छोटी असली तरी एकाची पिन दुसऱ्यात बसत नाही, तेव्हा केबल घेण्याआधी सॉकेट तपासा. बॅटरीवर विसंबू नका, अ‍ॅडॉप्टर लावा. चित्राच्या कडा कापल्या जात असतील तर तो टीव्हीचा ओव्हरस्कॅन. पिक्चर साइझमध्ये ‘जस्ट स्कॅन’ किंवा ‘स्क्रीन फिट’ अशा नावाचा पर्याय निवडला की पूर्ण चौकट दिसते.

कॅमेरा जोडायचा नसेल तर कार्ड काढून कार्ड रीडरमधून टीव्हीच्या यूएसबी पोर्टला लावा. त्याआधी एसडी कार्डाच्या कडेची छोटी पट्टी ‘लॉक’कडे सरकवा. काही टीव्ही नवी ड्राइव्ह दिसताच रेकॉर्डिंगसाठी ती फॉरमॅट करू का, असं विचारतात. तिथे घाईत ‘हो’ दाबलं तर सगळं चित्रण गेलं.

कार्डावर चित्रण प्रायव्हेट, एव्हीसीएचडी, बीडीएमव्ही, स्ट्रीम अशा एकात एक फोल्डरांत दडलेलं असतं आणि फाइलींची नावं नुसते आकडे, शेवटी ‘एमटीएस’. टीव्हीला यादी रिकामी दिसत असेल तर या फाइली पेन ड्राइव्हवर बाहेरच, कोणत्याही फोल्डरविना ठेवा. तरीही दिसत नसतील तर फाइलच्या नावातलं शेवटचं ‘एमटीएस’ बदलून ‘एम२टीएस’ करा. आतला मजकूर तोच राहतो, फक्त टीव्हीला ओळख पटते. ‘टीएस’ हे नाव आधी वापरू नका: साध्या टीएस फाइलचं पॅकेट, म्हणजे डेटाचा एक छोटा गठ्ठा, १८८ बाइटचं असतं, तर एव्हीसीएचडीमध्ये प्रत्येक पॅकेटला वेळेचे ४ बाइट जोडून ते १९२ चं होतं. काही टीव्ही या फरकावर अडतात.

लांब चित्रणात आणखी एक अडचण येते. फॅट३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेल्या ड्राइव्हवर एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी होऊ शकत नाही, म्हणून कॅमेरा सलग शॉटचेही तुकडे पाडतो. कमाल २४ मेगाबिट प्रतिसेकंद या वेगाला ४ जीबी साधारण २४ मिनिटांत भरतात. काही कॅमेरे २ जीबीलाच तोडतात. कॅमेऱ्यावर पाहताना सांधा जाणवत नाही, कारण कोणता तुकडा कोणाला जोडायचा हे प्लेलिस्ट फाइलला माहीत असतं. टीव्हीवर सुटे तुकडे लावले की सांध्यापाशी हिसका बसतो, आवाज क्षणभर तुटतो. उपाय म्हणजे तुकडे क्रमाने एकापुढे एक चिकटवणं. विंडोजमधला साधा ‘कॉपी’ आदेश हे करतो, पण त्याला ‘स्लॅश बी’ (/b) जोडायलाच हवं. नाहीतर तो फाइलींना मजकूर समजतो आणि मध्येच थांबतो. जोडलेली मोठी फाइल ठेवायची ड्राइव्ह एक्सफॅट किंवा एनटीएफएस पद्धतीने फॉरमॅट केलेली हवी, आणि टीव्ही ती वाचतो का हे आधी पाहायला हवं. मूळ कार्डाची प्रत करताना मात्र सगळी फोल्डररचना जशीच्या तशी उचला.

चित्र वाय-फायवरून अडखळत येत असेल तर दोष बहुधा फाइलचा नसतो. २४ मेगाबिट म्हणजे सेकंदाला जेमतेम ३ एमबी; पेन ड्राइव्हला ते सहज झेपतं, जुन्या वाय-फायला भिंतीपलीकडे झेपेलच असं नाही. टीव्हीला लॅन केबल जोडा. घरच्या नेटवर्कवरून टीव्हीला फाइली पुरवणाऱ्या डीएलएनए सर्व्हरमध्ये ‘ट्रान्सकोडिंग’ बंद आहे ना तेही बघा, कारण नको असलेलं रूपांतर तिथे गुपचूप चालू असू शकतं.

खरी अडचण प्रोग्रेसिव्ह ५०पी आणि ६०पी चित्रणाची, म्हणजे सेकंदाला ५० किंवा ६० पूर्ण चित्रं टिपणाऱ्या चित्रणाची. ते २०११ मध्ये एव्हीसीएचडीत आलं, वेग २८ मेगाबिटपर्यंत गेला आणि एच.२६४ ची पातळी, म्हणजे उलगडणाऱ्या चिपकडून लागणारी क्षमता, ४.२ लागू लागली. पातळी ४.१ पर्यंतच मजल असलेल्या टीव्हीवर ते धक्के खातं किंवा लागतच नाही. अशा वेळी पुन्हा एचडीएमआय केबलच. चित्र दिसतं पण आवाज नाही, असं झालं तर आवाज बहुधा एलपीसीएममध्ये, म्हणजे न आक्रसलेल्या स्वरूपात, असतो. एफएफएमपेग या मोफत रूपांतर प्रोग्रॅममध्ये व्हिडिओ ‘कॉपी’वर, म्हणजे जसाच्या तसा, ठेवून फक्त ऑडिओ एसी३ (म्हणजेच डॉल्बी डिजिटल) करून घ्या. चित्राला हात लागत नाही आणि काम काही मिनिटांत होतं.