उरलेलं औषध वेगळं, बाद औषध वेगळं

वृद्धांची देखभाल करणाऱ्या नर्सिंग होममध्ये एखाद्या आजी गेल्या, की त्यांचे कपडे, चष्मा, फोटो घरचे घेऊन जातात. औषधांचा खण मात्र तसाच राहतो. रक्तदाबाच्या गोळ्यांची न फोडलेली पाकिटं, अर्धी झालेली सिरपची बाटली, डोळ्यांत घालायचे थेंब, फ्रिजमध्ये इन्सुलिन. या सगळ्याला कर्मचारी एकच नाव देतात, ‘उरलेली औषधं’. घोळ तिथूनच सुरू होतो, कारण त्या खणात दोन अगदी वेगळ्या गोष्टी असतात.

उरलेलं औषध म्हणजे चांगलं असलेलं, पण ज्यांच्यासाठी आणलं त्यांना आता नको असलेलं औषध. पेशंट दगावला, दवाखान्यात हलवला, डॉक्टरांनी डोस बदलला, गोळी सोसली नाही म्हणून बंद केली, अशी कारणं असतात. बाद औषध म्हणजे ज्याच्यावर आता भरवसा ठेवता येत नाही असं. हातात घेतलं तर दोन्ही सारखीच दिसतात, म्हणून तर चूक होते.

बहुतेक जण छापलेल्या तारखेवरून निवाडा करतात. पण ती तारीख खरी असते ती न उघडलेल्या, सांगितल्याप्रमाणे ठेवलेल्या पाकिटापुरती. इन्सुलिनचंच घ्या. न उघडलेली बाटली २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवली तर छापील तारखेपर्यंत चालते. एकदा उघडली, की बहुतेक प्रकारांना साधारण २८ दिवसच मिळतात. फ्रिजच्या मागच्या भिंतीला टेकून गोठली असेल तर ती त्याच दिवशी बाद, मग वितळल्यावर कितीही नितळ दिसो. डोळ्यांचे बरेचसे थेंब उघडल्यापासून चार आठवड्यांत टाकायचे असतात. पाणी घालून तयार केलेलं अँटिबायोटिक सिरप तर आठवडाभर, फार तर दोन आठवडे. खोक्यावर दोन वर्षांपुढची तारीख असली तरी.

गोळ्यांच्या पट्टीचीही एक गंमत नसलेली गोष्ट आहे. बॅच नंबर आणि मुदत बहुधा पट्टीच्या एकाच कडेला छापलेली असते. कोणी घाईत कात्रीने ती कड असलेल्या चार गोळ्या कापून नेल्या, की मागे राहिलेल्या सहा गोळ्या बेनाव झाल्या. औषध तेच, पण ते कधीचं आणि कुठल्या बॅचचं हे आता कोणीच छातीठोक सांगू शकत नाही. अशा गोळ्या माझ्या लेखी बादच.

याच्या उलट, कुलूपबंद कपाटात नर्सच्या ताब्यात राहिलेलं, पेशंटच्या खोलीत कधीच न गेलेलं सीलबंद पाकीट हे खरोखर चांगलं औषध असतं. ते कुठे आणि कसं ठेवलं होतं याची नोंद असते. घरातल्या खणातल्या गोळीबद्दल अशी खात्री देता येत नाही. म्हणूनच अमेरिकेत ओक्लाहोमा राज्यातल्या टल्सा काउंटीत २००४ पासून निवृत्त डॉक्टर नर्सिंग होममधून अशी न वापरलेली औषधं गोळा करून गरजूंसाठीच्या फार्मसीत पोचवत आले आहेत. तिथे फार्मासिस्ट ती तपासतो आणि मगच पुढे देतो. चांगलं औषध जाळताना ज्यांचे हात अडखळतात, त्यांचं मला पटतं.

पण उरलेलं म्हणजे शेजारच्या कॉटवर द्यायला मोकळं, असं मुळीच नाही. ‘त्यांनाही हीच गोळी आहे, ही संपेपर्यंत देऊ’ हे वाक्य चांगल्या मनाने बोललं जातं आणि त्यातून चुकीच्या ताकदीची गोळी पोटात जाते. लेबल दुसऱ्याच्या नावाचं, नोंद दुसऱ्याच्या कागदावर. उद्या ती बॅच कंपनीने परत मागवली तर कोणाला दिली होती हे शोधायचं कसं? परतीची वाट फार्मासिस्टच्या हातूनच जाते, आणि तीही जिथे कायदा परवानगी देतो तिथेच. नाहीतर सीलबंद औषधही नष्टच करावं लागतं.

मॉर्फिन, फेंटॅनिलसारखी जबरदस्त वेदनाशामकं, म्हणजे कायद्याने नियंत्रित औषधं मात्र न उघडलेली असली तरी या वाटेला सहसा जात नाहीत. फेंटॅनिलचा पॅच, म्हणजे त्वचेला चिकटवायची औषधी पट्टी, सहसा ७२ तासांनी काढतात, पण काढल्यावरही त्यात बरंच औषध शिल्लक असतं. लहान मुलाच्या अंगाला चिकटला किंवा तोंडात गेला तर जीव जाऊ शकतो. म्हणून चिकट बाजू आतल्या आत दुमडायची आणि दोघांनी मिळून मोजून, वहीत दोघांच्या सह्या घ्यायच्या. इथे एकट्याने काहीही करू नये.

बाद औषध बेसिनमध्ये ओतण्याची सवय जुनी आहे. सांडपाण्याची केंद्रं औषधं वेगळी काढण्यासाठी बांधलेली नसतात, त्यामुळे हार्मोन आणि अँटिबायोटिकचे अंश नदीपर्यंत पोचतात. अशी औषधं बंद डब्यात, लेबलवरचं पेशंटचं नाव खोडून, उच्च तापमानाच्या भट्टीत जाळणाऱ्या यंत्रणेकडे द्यायची.

खण रिकामा करायचा तो त्याच दिवशी, यादी करून. आणि उघडलेल्या बाटलीवर उघडल्याची तारीख लिहिलेली नसेल, तर ती उरलेल्यांच्या डब्यात टाकायची की बादच्या, यावर वाद घालत बसू नका. बादच्याच.