नवतपा, ओला चिखल आणि शेकाट्याचा डोळा

कोकणात समुद्र दिवसातून दोनदा मागे हटतो आणि उघड्या पडलेल्या चिखलावर पक्षी उतरतात. नागपूरकडच्या तलावांना ओहोटी वर्षातून एकदाच येते. ती दिवाळीनंतर सुरू होते आणि पाऊस येईपर्यंत संपत नाही. मे अखेरीस गोरेवाडा, अंबाझरीच्या उथळ कडा आणि भंडारा-गोंदियाकडचे मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, आटून तळाचा चिखल वर येतो. किडे, अळ्या, गोगलगायी, अडकलेले मासे सगळे त्या अरुंद ओल्या पट्ट्यात. मग लांब लालसर पायांचा शेकाट्या, कंठेरी चिखल्या, टिटवी, नदी सुरय, हळदीकुंकू बदके, चित्रबलाक यांची गर्दीही तिथेच होते. विदर्भातल्या छायाचित्रकाराला किनारा हवा असेल तर तो याच दिवसांत मिळतो. अडचण एवढीच की हाच नवतपा, म्हणजे मे अखेरीचे सगळ्यात तापते नऊ दिवस; पारा तेव्हा ४४-४५ वर असतो.

या दिवसांतली ठरलेली तक्रार म्हणजे ‘फोटो शार्प येत नाही’. दोष बहुतेक वेळा लेन्सवर जातो. काही जण दुकानात नेऊन फोकस जुळवून आणतात, काही जण दुपारी दोनला गच्चीवर तक्ता लावून स्वतःच जुळवतात आणि चांगली लेन्स बिघडवून ठेवतात. खरा गुन्हेगार लेन्स आणि पक्षी यांच्यामधली हवा असते.

तापलेल्या जमिनीवरून हवा सपाट थरासारखी वर जात नाही. तिचे लहानमोठे गोळे उठतात, मिसळतात, फुटतात. हवा एक अंशाने तापली की तिचा अपवर्तनांक (प्रकाश किती वाकेल ते ठरवणारा आकडा) साधारण दहा लाखांत एक इतका कमी होतो. वीतभरापेक्षा लहान, १० सेंटीमीटरचा एक गोळा किरणाला वाकवतो ते रेडियनच्या (कोन मोजायचे एकक) दहालाखाव्या भागाएवढेच. ते नगण्य. पण पक्षी ५० मीटरवर असेल तर वाटेत असे ५०० गोळे येतात. कोणी किरण डावीकडे ढकलतो, कोणी उजवीकडे, म्हणून परिणाम ५०० पट होत नाही. ५०० च्या वर्गमुळाइतका, म्हणजे २२ पट होतो.

आता कॅमेऱ्याकडून बघू. ६०० मिमी लेन्स आणि २४ मेगापिक्सेलचा फुलफ्रेम कॅमेरा असेल तर ५० मीटरवरचा अर्धा मिलिमीटर एका पिक्सेलात मावतो. वरच्या हिशेबाने पक्ष्यावरचा प्रत्येक बिंदू मिलिमीटरभर, म्हणजे दोन पिक्सेल हलतो. हे गोळ्या-गोळ्यांत एकाच अंशाचा फरक धरून. भर उन्हात जमिनीलगत तो तीन-चार अंशांचाही असतो. मग बिंदू सात-आठ पिक्सेल सरकतो. एवढ्या अंतरावरून शेकाट्याचा लाल डोळा जेमतेम डझन-दीड डझन पिक्सेलांचा भरतो. तो कितीही महागड्या काचेतून पुसटच येणार. टेलिकन्व्हर्टर (लेन्सची पोच वाढवणारी जोडकाच) लावला तर पक्ष्याबरोबर ही थरथरही मोठी होते. हाती काही लागत नाही.

अंतर निम्मे केले तर? गोळे निम्मे होतात, त्यामुळे थरथर सुमारे ३० टक्क्यांनी घटते, आणि पक्षी फ्रेममध्ये दुप्पट मोठा दिसतो. पक्ष्याच्या आकाराच्या मानाने बिघाड जवळजवळ तिसऱ्या हिश्श्यावर येतो. पैसे मोजून मिळणारा कोणताही फायदा याच्या जवळपास पोचत नाही. शेकाट्या उभा असताना ३५ सेंटीमीटर धरला, तर ६०० मिमीने २५ मीटरवरून तो फुलफ्रेमच्या उंचीचा तिसरा हिस्सा व्यापतो, १५ मीटरवरून अर्ध्याहून जास्त. त्यामुळे १५ ते २५ मीटर हाच कामाचा पल्ला. पक्षी ४० मीटरपलीकडे आणि ऊन चढलेले, तर कॅमेरा खाली ठेवून दुर्बिणीतून बघण्यात जास्त मजा आहे.

सगळी हवा सारखाच त्रास देत नाही. बटर पेपर छापील पानावर टेकवा: अक्षरे वाचता येतात. तोच कागद वर उचलून डोळ्याकडे आणत जा: अक्षरे विरघळतात. खळबळीची हवा पक्ष्याजवळ असेल तर नुकसान थोडे, लेन्सजवळ असेल तर फार. एसी लावलेल्या कारच्या खिडकीतून काढलेले फोटो यामुळेच वाया जातात. आतली २४ अंशांची हवा आणि बाहेरची ४२ ची, दोन्ही नेमक्या लेन्सच्या तोंडाशी मिसळतात. एसी बंद करून सगळ्या काचा खाली घ्याव्यात आणि दहा-पंधरा मिनिटे थांबून मग फोटो काढावा. गाडीचे तापलेले बॉनेट फोटोच्या रेषेत नको. तलावाच्या पाळीवरचे दगडही नकोत. ते सकाळी आठलाच हाताला चटका देतात. उन्हात तापलेले काळे लेन्सहूड हीदेखील एक लहानशी भट्टीच. लेन्स आणि हूडवर पांढरे सुती कापड गुंडाळावे, आणि सूर्य पाठीशी असेल तर हूड काढूनच टाकावे.

इथे एक पेच आहे. पक्ष्याच्या डोळ्याच्या पातळीवरून फोटो हवा तर चिखलात आडवे पडावे लागते, आणि हवेची सगळ्यात वाईट खळबळ जमिनीपासून पहिल्या हात-दोन हातांतच असते. पेच सुटतो तो पाण्यामुळे. नागपुरात मे महिन्यात हवा इतकी कोरडी असते की कूलरच्या ओल्या ताट्यांतून आलेला वारा अंगावर काटा आणतो. ओला चिखल म्हणजे जमिनीवर अंथरलेली तशीच ताटी. बाष्पीभवनात उष्णता खर्च होते, पृष्ठभाग फार तापत नाही. दोन हातांवरची भेगाळलेली काळी माती मात्र दुपारी ६० अंशांपुढे जाते. म्हणून आडवे पडायचे ते अशा जागी की लेन्सपासून पक्ष्यापर्यंतची रेषा सगळी पाण्यावरून किंवा ओल्या चिखलावरून जाईल. मध्ये कोरड्या मातीचा पट्टा येत असेल तर उठून बसावे. कोन थोडा वरचा येईल, पण पिसे दिसतील.

वेळ ठरलेली आहे. मे अखेरीस नागपुरात सूर्य साडेपाचच्या सुमारास उगवतो. रात्रभर गार झालेली जमीन आणि वरची हवा यांचे तापमान सूर्योदयानंतर तासाभरात सारखे होते, आणि हवा सगळ्यात निवांत तेव्हाच असते. सव्वासातनंतर घसरण सुरू होते. संध्याकाळी अशीच वेळ सूर्यास्ताच्या तासभर आधी येते. भर दुपारी ढग आला तर मात्र बघत राहावे, थरथर काही मिनिटांत विरते. दुपारी एरवीही प्रकाशात राम नसतो. २६ मेच्या आसपास सूर्य नागपूरच्या बरोबर डोक्यावर येतो. पक्ष्याची पाठ पांढरीफटक आणि डोळा काळोखात.

बसायची जागा आदल्या संध्याकाळी हेरावी. या दिवसांत सूर्य ऐन पूर्वेला उगवत नाही, २२ अंश उत्तरेकडे सरकलेला असतो. म्हणजे सकाळी तलावाच्या ईशान्य काठावर बसले तर ऊन पाठीशी येते. एक खोडा असा की या महिन्यात वारा बहुधा पश्चिमेचा किंवा वायव्येचा, आणि पक्षी वाऱ्याकडे तोंड करून उभे राहतात, उतरतातही तसेच. सकाळी वाऱ्याने जोर धरला की सगळे तुमच्याकडे पाठ फिरवतात. शांत हवेतले बसलेले पक्षी सकाळी आणि सुरयच्या भराऱ्या संध्याकाळी पश्चिम काठावरून, अशी वाटणी बरी पडते.

काठ रोज सरकतो हे विसरू नये. मे महिन्यात उघड्या पाण्यातून दिवसाला साधारण सेंटीमीटरभर पाणी उडून जाते. तळाचा उतार शंभरात एक असेल तर पाण्याची कड दिवसाला मीटरभर मागे जाते. गेल्या रविवारी नेमकी लागलेली जागा या रविवारी सात मीटर लांब असते. पुढे सरकताना काठीने चाचपावे. काळ्या मातीवर वर पापुद्रा वाळतो आणि खाली गुडघाभर गाळ तसाच असतो. ट्रायपॉडचे पाय त्यात रुततात. जुन्या लोखंडी तव्याला मधोमध भोक पाडून बोल्टने बॉलहेड (कॅमेरा हवा तसा वळवणारा सांधा) बसवले की चिखलावरून सरकवता येणारी बैठक तयार होते. लेन्स टेकवायच्या बीनबॅगमध्ये दोन-अडीच किलो प्लॅस्टिकचे दाणे भरावेत. हरभरे भरले तर ते भिजून फुगतात, आणि तिसऱ्या दिवशी मोड येतात.

एक्स्पोजरचे थोडक्यात: शेकाट्या काळा-पांढरा, त्यामुळे पांढरे पोट जळू द्यायचे नाही. गडद पाण्यापुढे एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन उणे पाऊण ते एक स्टॉप, म्हणजे कॅमेरा ठरवतो त्याहून फोटो तेवढा गडद. सूर्योदयाला आयएसओ १६००, एफ ६.३, १/१००० पासून सुरू करून ऊन चढेल तसे आयएसओ उतरवत ४०० पर्यंत आणि शटर १/३२०० च्या पुढे न्यावे. थरथर जाणवत असेल तर १०-१५ फ्रेमचा बर्स्ट घ्यावा. हवा क्षणभर जुळून येते आणि त्यातली एखादी फ्रेम स्वच्छ निघते. स्क्रीनवर दहापट मोठे करून काठचे गवत बघावे. ते पोहत असेल तर बर्स्टही वाचवत नाही.

गरमीत पक्षी जे करतात ते या फोटोंचे खरे मोल. बगळे आणि पाणकावळे चोच उघडून गळ्याची कातडी थरथरवतात. त्यातून पाण्याची वाफ होऊन रक्त थंड होते. करकोचे स्वतःच्या पायांवर पातळ विष्ठा सोडतात, ती वाळताना पाय गार पडतात. पांढरे मोजे घातल्यासारखे दिसणारे हे पाय म्हणजे वेगळी जात किंवा आजार नव्हे. टिटवी पाण्यात पोट टेकवून पिसे भिजवते आणि तशीच अंड्यांवर जाऊन उभी राहते. टिटवीची अंडी उंचावर दिसली की पाऊस चांगला, हे गावात ऐकायला मिळते. अंड्यांवरच्या या पाणी-शिंपणाबद्दल मात्र क्वचितच कोणी बोलते.

इथे फोटोचा मोह आवरावा लागतो. टिटवी, शेकाट्या, कंठेरी चिखल्या यांची अंडी उघड्यावर, जमिनीवरच असतात. या उन्हात पक्षी अंड्यांवर बसतो तो ऊब द्यायला कमी, सावली धरायला जास्त. आतल्या जिवाला ३७-३८ अंश मानवतात. ४२-४३ च्या पुढे तो फार वेळ तग धरत नाही, आणि उघड्या अंड्याला तिथवर पोचायला काही मिनिटे पुरतात. टिटवी डोक्यावर घिरट्या घालून ओरडू लागली किंवा चिखल्या पंख मोडल्यासारखा जमिनीवर लोळू लागला, तर घरटे जवळच आहे. पुढचे पाऊल टाकायच्या आधी खाली बघावे आणि आलो त्याच पावलांवरून मागे फिरावे. चिखलातल्या आपल्या ठशांच्या मागोमाग तलावाकाठची कुत्री येतात. पक्षी पाच मिनिटांत अंड्यांवर परतला नाही तर आपण अजून पुरेसे लांब गेलेलो नाही.

मृगाच्या पहिल्या सरी आल्या की गणित उलटते. मे महिन्यातल्या कोरड्या हवेत एसीतून काढलेल्या लेन्सवर दव धरत नाही, जूनच्या दमट हवेत लगेच धरते; तेव्हा कॅमेरा बॅगेत बंद ठेवून अर्धा तास बाहेरच्या हवेत ठेवावा. आणखी दोन दमदार पावसांत ओला पट्टा पाण्याखाली जातो. ऑगस्टमध्ये परतणाऱ्या पहिल्या तुतवारांना मग तलावावर उतरायला जागाच उरत नाही. त्यांना शोधायचे ते धानाच्या बांध्यांत.