१९५६ची युनेफ आणि १९७३ची युनेफ: परत जा म्हणण्याचा अधिकार कोणाचा?

१९६७च्या अरब-इस्रायल युद्धाबद्दल एक वाक्य हमखास वाचायला मिळते: इजिप्तचे अध्यक्ष नासर यांनी डोळे वटारले आणि संयुक्त राष्ट्रांचे आणीबाणी दल, म्हणजे युनेफ, पळून गेले. मग तेच दल १९७३नंतर जवळपास सहा वर्षे कसे टिकले? उत्तर सरळ आहे. ते दल वेगळे होते.

पहिली युनेफ सुएझच्या वेळची, म्हणजे इस्रायल, ब्रिटन आणि फ्रान्सने इजिप्तवर हल्ला केला तेव्हाची. ब्रिटन आणि फ्रान्सने सुरक्षा परिषदेत नकाराधिकार वापरल्यामुळे ५ नोव्हेंबर १९५६ रोजी आमसभेने ती उभारली. दुसरी १९७३च्या अरब-इस्रायल युद्धानंतर, २५ ऑक्टोबर १९७३ रोजी सुरक्षा परिषदेच्या ठराव ३४०ने आली. कोणत्या देशाच्या तुकड्या, किती सैनिक हे फरक गौण आहेत.

खरी मेख इथे आहे. कोणत्याही देशावर सैन्य लादण्याचा अधिकार आमसभेला नाही. पहिले दल उभे होते ते इजिप्तच्या संमतीवर, आणि तेही सीमेच्या एकाच बाजूला, कारण इस्रायलने आपल्या हद्दीत त्याला येऊ दिले नव्हते. १६ मे १९६७ रोजी सीमेवरचे सैनिक मागे घ्या, असे सांगणारे इजिप्तचे जनरल फौझी यांचे पत्र दलाचे भारतीय प्रमुख मेजर जनरल इंदरजीत रिखये यांच्या हाती पडले. १८ मे रोजी सरचिटणीस ऊ थांट यांच्याकडे माघारीची अधिकृत मागणी आली. थांट यांनी इस्रायलला विचारले, दल तुमच्या बाजूला ठेवू का? उत्तर नकारार्थी आले. तोवर इजिप्तचे सैनिक सीमेवरच्या चौक्यांवर पोचलेही होते. हलकी शस्त्रे असलेले सुमारे ३,४०० सैनिक, आणि गोळी झाडायची ती फक्त स्वसंरक्षणासाठी. यजमानाची संमती संपल्यावर त्यांनी थांबायचे कशाच्या बळावर? ‘पळाले’ हा शब्द तर मुळीच वापरू नये: माघार पूर्ण होण्याआधीच ५ जूनला युद्ध पेटले आणि त्यात या दलातले १४ भारतीय सैनिक मारले गेले. दोष द्यायचा तर १९५६च्या रचनेला द्यावा.

१९७३मध्ये हीच फट बुजवली गेली. इजिप्तची संमती तेव्हाही घेतली होती. पण दलाच्या कामावर परिणाम करणारी प्रत्येक बाब निर्णयासाठी सुरक्षा परिषदेपुढे येईल, अशी अट तेव्हाचे सरचिटणीस कुर्ट वाल्डहाइम यांच्या अहवालात होती आणि ठराव ३४१ने ती मंजूर झाली. म्हणजे कैरोहून आलेल्या एका पत्राने दल उठणार नव्हते. कामात बळाने अडथळा आणणाऱ्यांना विरोध करणे हेही स्वसंरक्षणातच धरले गेले.

याची किंमतही होती. मुदत सुरुवातीला सहाच महिन्यांची, आणि ती वाढवायची तर पुन्हा परिषदेकडेच जायचे. इजिप्त-इस्रायल शांतता कराराच्या देखरेखीसाठी हे दल वापरायला सोव्हिएत संघाचा विरोध होता, त्यामुळे २४ जुलै १९७९ रोजी मुदत संपू दिली गेली.

१९८२पासून सिनाईत असलेले बहुराष्ट्रीय दल संयुक्त राष्ट्रांचे नाही. त्याला कृपया ‘तिसरी युनेफ’ म्हणू नका.