खवट दाणा वेगळा, बुरशीचा दाणा वेगळा

भुसार दुकानात शेंगदाणे घेताना गिऱ्हाईक दोन दाणे तोंडात टाकतं आणि मान हलवतं. माल घुंगरू जातीचा असो की स्पॅनिश, ही चाचणी झाल्याशिवाय भावाची बोलणी सुरू होत नाहीत. चाचणी चांगलीच आहे, फक्त ती खवटपणाची आहे. शेंगदाण्याचा दुसरा दोष म्हणजे बुरशीने दाण्यात सोडलेलं अफ्लाटॉक्सिन हे विष. त्याला ना वास, ना रंग, ना चव. आपण मात्र दोन्हींना ‘खराब दाणे’ म्हणतो आणि भाजून मीठ लावलं की दोन्ही चालून जातात, असं धरून चालतो.

खवटपणाचं आधी उरकून घेऊ. शेंगदाण्यात जवळपास निम्मं तेल असतं. हवा, उजेड आणि उष्णता लागली की ते बिघडतं आणि दाण्याला जुन्या रंगाच्या डब्यासारखा वास येतो. भाजताना दाण्याच्या आतली रचना मोडते आणि तेलाला हवा लागते, म्हणून भाजलेला दाणा कच्च्यापेक्षा लवकर खवटतो. यावर उपाय आहेत. पाकिटात नायट्रोजन भरतात, आतून चकचकीत थर असलेलं वेष्टन वापरतात. जुनागडच्या भुईमूग संशोधन केंद्राने इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेच्या साथीने गिरनार-४ आणि गिरनार-५ ही वाणं दिली. त्यांच्या तेलात ओलेइक आम्ल, म्हणजे हवेने सहज न बिघडणारा घटक, सुमारे ८० टक्के असतं, त्यामुळे दाणा बराच जास्त टिकतो. खवट दाणे खाऊ नयेतच, पण चुकून मूठभर गेले तर तोंडाची चव जाण्यापलीकडे सहसा काही होत नाही.

बुरशीचं प्रकरण निराळं आहे. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून जास्त टर्की पक्षी पटापट मेले. शोध घेत गेल्यावर धागा ब्राझीलहून आलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीपर्यंत पोचला आणि अफ्लाटॉक्सिन जगाला कळलं. ॲस्परजिलस जातीच्या बुरशीचं हे विष यकृतावर जातं. माणसात यकृताचा कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या यादीत जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने त्याला पहिल्या गटात ठेवलं आहे. हिपॅटायटिस बी असलेल्या माणसाला तर हा धोका कितीतरी पटींनी वाढतो.

हे विष तयार होतं भट्टीच्या कितीतरी आधी. शेंगा भरताना पावसाने ओढ दिली आणि जमीन तापली, की बुरशी शेतातच शिरते. काढणीत कुदळ लागलेली किंवा किडीने पोखरलेली शेंग तिला आयतीच मिळते. नंतर शेंगा नीट वाळल्या नाहीत, म्हणजे ओलावा आठ टक्क्यांच्या खाली आला नाही, तर पोत्यातही ती वाढत राहते. त्यात शेंगा फोडायच्या यंत्रात दाण्याच्या दोन फाका होऊ नयेत म्हणून शेंगांवर आधी पाणी मारायची पद्धत काही ठिकाणी आहे. अख्ख्या दाण्याला भाव जास्त, म्हणून हे पाणी! व्यापाराच्या हिशेबात ते शहाणपण असेल, दाण्याच्या दृष्टीने बुरशीला दिलेलं आमंत्रणच.

मग भट्टी काय करते? बुरशी मारते. विष मात्र बरंचसं तसंच राहतं, कारण ते पूर्ण मोडायला अडीचशे अंशांच्या आसपासचं तापमान लागतं आणि खारे दाणे तेवढे तापवले तर कोळसा होईल. भाजल्याने विष थोडं कमी होतं, संपत नाही. नायट्रोजनचं पाकीट इथे काहीच करत नाही. पाकिटावरची ‘या तारखेपूर्वी उत्तम’ ही ओळही मुख्यतः चव आणि कुरकुरीतपणासाठी असते. कालच भरलेल्या ताज्या पाकिटातही मागच्या हंगामाचं विष असू शकतं. उलट, कोरड्या भाजलेल्या दाण्यात ते पुढे वाढतही नाही. खवटपणा मात्र रोज थोडा थोडा वाढतो.

तपासणीतली खरी अडचण आकड्यांत आहे. आपल्याकडे थेट खाण्याच्या दाण्यासाठी मर्यादा किलोमागे १० मायक्रोग्रॅम आहे, युरोपात एकूण अफ्लाटॉक्सिनसाठी ४. दहा मायक्रोग्रॅम म्हणजे हजार टन मालात दहा ग्रॅम! त्यातही विष सगळीकडे सारखं पसरलेलं नसतं. बहुतेक दाणे स्वच्छ असतात आणि एखाद्यातच ते प्रचंड साठतं. किलोला लाखभर मायक्रोग्रॅम या प्रमाणात विष असलेला अर्ध्या ग्रॅमचा एक दाणा पाच किलो स्वच्छ माल मर्यादेवर आणून ठेवतो. त्यामुळे वरचे मूठभर दाणे तपासून दिलेल्या अहवालावर माझा फारसा भरवसा नाही. पोत्यापोत्यांतून थोडे थोडे दाणे काढून, एकत्र दळून केलेली तपासणीच काही सांगू शकते.

म्हणून धंद्यात मोलाचं काम निवडीचं. लाल साल काढली की डागाळलेला दाणा उघडा पडतो आणि रंग ओळखणारं यंत्र त्याला हवेच्या झोताने उडवून लावतं. आपल्या घरात दाणे भाजून, चोळून, सुपात पाखडून काळपट आणि आक्रसलेले दाणे वेचले जायचे, तीही निवडच. आता विकतचं दाण्याचं कूट आलं आणि कुठला दाणा कसा होता हे बघायची सोयच गेली. बेसनाचं जाड कवच आणि तिखट मसाला लावलेल्या शेंगदाण्यांचंही तेच. मी दाणे अख्खे घेते आणि कूट घरी करते. एखादा दाणा कडू लागला तर गिळू नका, थुंका. कडवटपणा विषाचा नसतो, पण बुरशी लागलेला दाणा बरेचदा कडू असतो.

तेलातही हाच गोंधळ आहे. लाकडी घाण्याचं तेल घेताना लोक वास घेऊन खवट नाही ना, एवढंच बघतात. कारखान्यातल्या शुद्धीकरणात अल्कलीच्या प्रक्रियेने अफ्लाटॉक्सिन जवळपास निघून जातं. नुसत्या गाळलेल्या तेलाला ती पायरी नसते, त्यामुळे दाण्यातलं विष थोडंफार त्यात उतरू शकतं. घाणेवाल्याला विचारायचं ते एवढंच, की घाण्यात घालण्याआधी दाणे निवडता का, आणि निवडून काढलेले कुठे जातात?