‘एनआरएफ२४ला रेंजच नसते’: दोष मॉड्यूलचा नाही, विजेचा

आर्डुइनो (छोटे प्रोग्रॅम करता येणारे सर्किट बोर्ड) शिकणाऱ्यांना वर्षानुवर्षे एकच सल्ला मिळतो: एनआरएफ२४एल०१ (बिनतारी संदेश पाठवणारे छोटे रेडिओ मॉड्यूल) भरवशाचे नाही, सरळ लोरा (लांब पल्ल्याचे रेडिओ तंत्र) घ्या. बहुतेक वेळा मॉड्यूल ठणठणीत असते, उपाशी असते.

अँटेनावाले पीए-एलएनए (सिग्नल वाढवणारे अँप्लिफायर असलेले) मॉड्यूल पूर्ण ताकदीने पाठवताना सुमारे ११५ मिलिअँपिअर ओढते. आर्डुइनो ऊनो बोर्डाची ३.३ व्होल्टची पिन देते जेमतेम ५०. पाठवण्याच्या क्षणी व्होल्टेज कोसळते, पॅकेट हरवते. ऐकायला मात्र कमी करंट पुरतो, म्हणून रिसीव्हर नीट चालतो आणि संशय भलतीकडे जातो. ५ व्होल्टवरून एएमएस१११७-३.३ रेग्युलेटर लावा. मॉड्यूलच्या व्हीसीसी (वीज घेणारी) आणि ग्राउंड पिनांना अगदी लगटून १० ते ४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर सोल्डर करा. ब्रेडबोर्डच्या दुसऱ्या टोकाला लावलेला फारसा उपयोगी पडत नाही. व्हीसीसीला ५ व्होल्ट कधीही देऊ नका, मर्यादा ३.६ आहे.

मग वेग २५० केबीपीएस करा (ही सोय फक्त ‘प्लस’ चिपमध्ये, म्हणजे एनआरएफ२४एल०१+ मध्ये). २ एमबीपीएसपेक्षा रिसीव्हरची संवेदनशीलता १२ डेसिबलने सुधारते. चॅनेल ७८ ठेवा, वायफायचा ११ नंबरचा चॅनेल त्याच्या खालीच संपतो.

विहिरीवरचा सेन्सर किलोमीटरभर लांब असेल, तर मात्र लोराच घ्या, ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झवर चालणारे.